नानांचं भ्या

केजच्या अवजारांच्या दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या नानांनी रोटाव्हेटरकडं बोट केलं आणि दुकानदाराला विचारलं, "हे माणसाला कसं मारतंय?"

दुकानदार तरणा होता. येणारं गिऱ्हाईक त्याला विचारायचं ते अवजार किती फुटी आहे, आपल्या ट्रॅक्टरला झेपंल का, पाती टिकतात का. हा प्रश्न त्याला नवा होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. नानांना मीच सोबत आणलं होतं, त्यामुळं मी पदर सावरला आणि मान खाली घातली.

"काका, हे माती मोकळी करायचं यंत्र हाय. माणूस कशाला मारंल?"

"मारतंय. सगळंच मारतंय. कसं मारतंय तेवढं माईत पायजे," नाना म्हणाले. "तुला माईत नसंल तर तुज्या बापाला बोलव."

बाप आतच बसला होता. तो नानांना ओळखून होता. त्यानं चष्मा काढून गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाला, "बसा नाना. आधी चहा घ्या. मंग एकेकाचं मरण सांगतो तुमाला."

नाना आमचे बांधाचे शेजारी. युसूफ वडगावच्या शिवारात त्यांचं रान संपतं तिथं आमचं सुरू होतं. उभी हयात त्यांनी दुसऱ्यांचे ट्रॅक्टर चालवले होते आणि मग एका सकाळी मालकाच्या ओट्यावर चावी ठेवून घरी आले, ते पुन्हा कधी ट्रॅक्टरवर चढले नाहीत. मी लग्न होऊन आले तेव्हा ते असेच होते: काटकुळे, उंच, डोक्याचे केस पार बारीक कापलेले. धोतर त्यांनी सोडून दिलं होतं. अंगाला घट्ट बसणारी पँट, लांब बाह्यांचा शर्ट आणि दोन्ही मनगटांवर बाही सुतळीनं आवळून बांधलेली. उन्हाळ्यातसुद्धा. अंगावर लोंबणारं काही नको. गळ्यात माळ नाही, बोटात अंगठी नाही, खांद्यावर उपरणं नाही. लग्नातला आहेराचा टॉवेल कुणी गळ्यात टाकला की ते तो विंचू झटकावा तसा झटकायचे.

उभ्या ट्रॅक्टरच्या मागून ते जात नसत. गावात मारुतीच्या पारापाशी कुणी ट्रॅक्टर लावला की नाना मोठा वळसा घालून पुढून जायचे आणि जाता जाता चाकाखाली दगड सरकवायचे. मालक येऊन ट्रॅक्टर चालू करायचा, गाडी जागची हलायची नाही, आणि तो खाली वाकून बघायचा. मग पारावरची माणसं हसायची. "नानाचा दगड हाय बे, काढ आन जा."

नाना हसत नसत. "बैलाला माणूस कळतंय," ते म्हणायचे. "आडवं कुनी आलं तर बैल थबकतंय. हे आंधळं हाय, बहिरं हाय. ह्याला तुमी दिसत न्हाईत."

आणि कुणी "काय होत न्हाई" म्हणालं की ते बसल्या जागेवरून उठून निघून जायचे. पंगतीत कुणी म्हणालं तर ताटावरून उठायचे.

मलाही त्यांची भीती वाटायची. खरं तर त्यांची नाही, त्यांना जे दिसायचं त्याची. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये नवऱ्यानं घेतलेला छोटा ट्रॅक्टर उभा होता. नवरा दसऱ्यानंतर कारखान्याच्या ऊसवाहतुकीवर जायचा, तो उन्हाळ्यातच परत. तोवर ट्रॅक्टर तसाच उभा. मी शेडमध्ये शेण भरायला जायचे तेव्हा भिंतीला चिकटून जायचे. तो बंद आहे हे ठाऊक असूनही.

पण एका वर्षी पावसानं आमची पाणंद पार धुऊन नेली. शेतातल्या वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंतची तेवढीच वाट. मध्ये गुडघाभर घळी पडल्या. नवरा कारखान्यावर गेल्यावर काही दिवसांतच सासूबाईंना छातीत कळ आली. गाडी बोलावली तर ती डांबरीवरच थांबली, आत येईना. नानांच्या मुलानं आणि शेजारच्या दोघांनी त्यांना बाजेवर घालून नेलं. मी बाजेच्या कडेनं पळत होते. सासूबाईंचं तोंड काळंनिळं पडलेलं, घळीपाशी बाज तिरकी झाली की त्यांचा हात हवेत काहीतरी धरायला जायचा. त्या वाचल्या. पण ती वाट चालताना मला जे वाटलं ते मला पुन्हा वाटून घ्यायचं नव्हतं. घरी आल्यावर मी नवऱ्याला फोन केला आणि सांगितलं, मी ट्रॅक्टर शिकणार, वाट नीट करणार.

तो म्हणाला, "मंग रोटाव्हेटर घे. सगळ्यांकडं हाय."

मी नानांकडं गेले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"लेकी, तुला भ्या वाटतंय का त्याचं?"

"लई वाटतंय, नाना."

"मंग शिकवतो."

म्हणून आम्ही केजला गेलो होतो. चहा झाल्यावर म्हातारा दुकानदार काठी घेऊन उठला आणि एकेका अवजारापाशी उभा राहून खरंच मरण सांगू लागला. रोटाव्हेटरपाशी त्यानं मागचा दांडा दाखवला. ट्रॅक्टरची ताकद अवजाराला पोचवणारा हा दांडा गरागरा फिरतो, आणि त्याच्यात कापड अडकलं की माणूस कापडामागोमाग जातो. नानांनी वळून माझ्या पदराकडं बघितलं. मी पदर कमरेला घट्ट खोचला, तिथंच, दुकानात.

"फिरनारं काई नको," नाना म्हणाले. "आन नांगरट, रोटा तुला वर्सातून कितींदा लागनार? ते भाड्यानं सांगता येतं. घळ मातर दर पावसाला पडती. त्याला रोज हाताशी असनारं पायजे."

मग पुढं बसवायचा डोजर पाहिला. मला तो आवडला होता, कारण समोर दिसतो, मागं वळून बघायला नको. म्हातारा म्हणाला, छोट्या ट्रॅक्टरला तोंडाशी एवढं वजन दिलं की मागची चाकं हलकी होतात. तुमचं रान ओढ्याकडं उतरतं. उतारावर भरलेला डोजर वर उचलून धरला की कधी कलंडंल सांगता येत नाही. तिसरं होतं दोन्ही बाजूंनी पत्रा असलेलं पेटीसारखं लेव्हलर. त्यात माती भरून उंचावरून खोलगटात नेता येते. सपाट मळ्याला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण भरलेली पेटी ओढत चढावर निघालं की पुढची चाकं जमीन सोडतात.

शेवटी कोपऱ्यात मागं जोडायचं साधं ब्लेड होतं. लोखंडाचं एक वाकलेलं पातं, तिरकं फिरवता येणारं. नाना त्याच्यापुढं उकिडवे बसले. रुंदी त्यांनी वितीनं मोजली आणि म्हणाले, मागच्या चाकांच्या बाहेर थोडं यायला पाहिजे, नाहीतर स्वतःच्याच चाकोऱ्या पुसता येणार नाहीत. तिरकं केलं की घळीच्या कडेची माती घळीत पडेल. वाटेचा मधला भाग जरा फुगीर ठेवता येईल म्हणजे पाणी दोन्हीकडं उतरेल.

"आन हे कसं मारतंय?" या वेळी मीच विचारलं.

म्हाताऱ्या दुकानदाराच्या आधी नाना बोलले. "उचलून धरलेलं असलं की. माणूस खाली हात घालतंय, आन ते खाली येतंय. म्हनून उतरायच्या आधी जमिनीवर टेकवायचं. दर बारीला. पानी प्यायला उतरली तरी."

ब्लेड घरी आलं. त्यानंतर कितीतरी दिवस नानांनी मला इंजिन चालू करू दिलं नाही. साडीवरून नवऱ्याचा शर्ट, पदर आत, केस बांधलेले. डाव्या बाजूनं चढ. उतर. उतरताना तोंड ट्रॅक्टरकडं. परत चढ. मग डोळे मिटायला लावून ते खालून ओरडायचे, "बंद कर!" आणि मी चाचपडत इंजिन बंद करायची दांडी शोधायचे. हात चुकला की परत.

"डोळे कावून मिटायचे नाना?"

"भ्याल्यावर डोळे कामाचे न्हाईत. हात कामाचा."

माझे हात दिवसभर त्या दांडीकडं जायचे. भाकरी थापताना, झोपेतसुद्धा. सासूबाई खाटेवरून बघायच्या आणि म्हणायच्या, "ह्या बाबानं तुजं डोकं फिरवलं बाई."

एकदा दुपारी बांधावर पाणी पिताना मी त्यांना विचारलंच. गावात कुणी म्हणायचं नानांच्या चाकाखाली कुणी आलं होतं. कुणी म्हणायचं त्यांचा जोडीदार विहिरीत गेला ट्रॅक्टरसकट. मी म्हटलं, "नाना, खरं काय झालतं?"

"काईच न्हाई. एवढी वर्सं चालवला, कुनाचं नखबी गेलं न्हाई. एक कुत्रं सुदिक मेलं न्हाई."

"मंग सोडला कावून?"

"काईच झालं न्हाई म्हनून. रोज सकाळी वाटायचं, आज. संध्याकाळी वाटायचं, मंग उद्या. इतकी वर्सं ते आलं न्हाई, म्हंजी ते कुटंतरी वाट बगत बसलं आसंल." ते तांब्यातलं उरलेलं पाणी बोरीच्या बुडाशी ओतत म्हणाले, "तुला सांगून काय उपेग. चल, चढ."

मी चढले.

मी वाट केली. पहिल्यांदा वेडीवाकडी, मग बरी. दर पावसानंतर मी ब्लेड लावून निघायचे आणि नाना पुढं पुढं अनवाणी चालायचे, पायानं जमीन दाबून बघत. जिथं तळव्याला मऊ लागायचं तिथं काठी रोवायचे. त्या काठीच्या पलीकडं मी जायचं नाही. पुढच्या वर्षी सासूबाईंना तपासायला न्यायचं होतं तेव्हा गाडी थेट अंगणात आली. ड्रायव्हर म्हणाला, "वाट चांगली केलीया तुमी." नाना त्याच्या गाडीच्या चाकाखाली दगड ठेवत होते.

त्या उन्हाळ्यात नवरा घरी आला. ओढ्याकडच्या कडेला मातीचा एक उंचवटा होता, तो मागं ओढून घ्यायचा, म्हणजे चार सऱ्या वाढतील असं त्याच्या मनात होतं. ब्लेडनं ते करायचं तर ट्रॅक्टर उलटा कडेपर्यंत न्यायचा, ब्लेड टाकायचं आणि पुढं यायचं. कड उंच होती. खाली नुसता खडक.

नाना आले तेव्हा तो उलटा निघाला होता. "वरून दगडावानी लागती ती जागा," नाना ओरडले, "पान्यानं खालून पोखरलीया!"

"काय होत न्हाई, नाना!" नवरा हसत म्हणाला.

मला वाटलं नाना निघून जातील. ते गेले नाहीत. ते पळाले. त्यांना पळताना मी पहिल्यांदा बघितलं. ट्रॅक्टरच्या मागं, जिथं ते आयुष्यात कधी गेले नव्हते, तिथं जाऊन ते चाकांच्या वाटेवर आडवे झाले. उताणे. डोळे मिटलेले. हात छातीवर, बाह्यांची सुतळी दिसत होती. मी किंचाळले. माझा आवाज इंजिनात बुडाला. नवऱ्यानं मागं वळून बघितलं आणि करकचून ब्रेक दाबला. चाक आणि नानांच्या कमरेत अंतर होतं, पण फार नव्हतं.

"उठा नाना! येड लागलं का तुमाला?" नवरा पांढराफटक पडला होता.

"ब्लेड टेकव आधी," नाना झोपूनच म्हणाले.

त्यानं ब्लेड टेकवलं. इंजिन बंद केलं. तरी नाना उठले नाहीत. ओढ्यापलीकडची माणसं जमली. कुणी हसलं, कुणी नानांच्या मुलाला बोलवायला गेलं. नाना उन्हात तसेच पडून होते आणि त्यांचं अख्खं अंग थरथरत होतं, दातावर दात वाजत होते. ज्याची त्यांना सगळ्यात जास्त भीती त्याच्याच मागं ते झोपले होते. मी त्यांच्या डोक्याशी बसले, पदर सोडून तोंडावर सावली धरली. ट्रॅक्टर शेडमध्ये गेल्याचं मी सांगितल्यावरच ते उठले.

नवरा कितीतरी दिवस त्यांच्याशी बोलला नाही. चारचौघांत त्याचं हसं झालं होतं. तो उंचवटा मी आणि त्यानं फावड्या-घमेल्यानं हलवला. ती कड काही ढासळली नाही. पुढच्या पावसातही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आजही ती तशीच उभी आहे. ट्रॅक्टर गेला असता तर काय झालं असतं, हे मला आजवर कळलेलं नाही. नवऱ्याला विचारलं तर तो विषय बदलतो.

नानांचं भ्या कधी उतरायला लागलं हे कुणालाच नेमकं सांगता येणार नाही. आधी सुतळी गेली. बाह्या सुट्या, वाऱ्यावर फडफडत. मला वाटलं म्हातारपण, गाठ मारता येत नसेल. मी बांधून दिली तर त्यांनी सोडून टाकली. मग पारावरच्या ट्रॅक्टरच्या मागं ते पाठ टेकवून उभे असलेले लोकांनी पाहिले. लोकांना गंमत वाटली. "नाना सुधारले," ते म्हणाले. मला हसू आलं नाही.

त्यांची सून एक दिवस धापा टाकत आमच्याकडं आली. "ताई, मामांनी कडबा कुट्टीच्या मशीनीत हात घातलता. चालू होती हो! मी बटन बंद केलं म्हनून. आन ते मला हसायलेत." अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मेंदू झिजतोय, विसर वाढत जाईल. काय काय विसरतील ते त्यांनी सांगितलं: नावं, माणसं, जेवण झालं का नाही. भीती विसरतील हे सांगितलं नव्हतं.

श्रावणात मी वाट नीट करत होते. मागं बघून, पुढं बघून, नेहमीसारखी. एका वळणावर ब्लेड नेहमीपेक्षा जड लागलं. मी मान वळवली. नाना ब्लेडच्या वरच्या लोखंडावर बसले होते. पाय खाली सोडलेले, मातीला लागतील न लागतील असे, आणि तोंडावर जत्रेतल्या पाळण्यात बसल्यासारखं हसू.

मला काही दिसेना. हात मात्र दांडीवर गेला. इंजिन बंद पडलं.

"कावून थांबली?" नाना म्हणाले. "लई मजा यायली."

"नाना, उतरा. माझ्या बाजूनं उतरा. दमानं."

"भितीस कावून? काय होत न्हाई."

ते शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. मी त्यांना काखेत धरून उतरवलं, बांधावर बसवलं आणि स्वतः खाली बसून ओकले.

दसऱ्यानंतर त्यांच्या मुलाला आणि सुनेला उसाच्या तोडीला जायचं होतं. तोडकऱ्यांच्या तळावर, चालत्या गाड्यांमध्ये, कोयत्यांमध्ये, भीती नसलेल्या माणसाला कसं न्यायचं? त्यांची सून दारात उभी राहून रडत होती. सासूबाईच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे इथं. माझी बाज ज्यांनी उचलली ते तुमीच व्हता."

ते आमच्याकडं राहिले आणि मी दिवसभर भिऊ लागले. चुलीला, विळीला, विजेच्या बोर्डाला, हौदाला. ते झोपले की सासूबाई दारात बसायच्या आणि मी घाईघाईनं शेतातलं काम उरकायचे. ट्रॅक्टर फारच अडलं तर काढायचे, नाहीतर नाही. संध्याकाळी त्यांना फिरायला लागायचं, नाहीतर ते दार हलवत बसायचे. मी त्यांचा हात घट्ट धरून डांबरीपर्यंत न्यायचे. उसाच्या दोन दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर गाणी लावून सुसाट जायचे आणि नाना मधोमध चालत राहायचे. मीच त्यांना ओढून कडेला घ्यायचे. ते माझ्यावर रागवायचे. मला ते आता ओळखत नव्हते.

पौषातली ती संध्याकाळ होती. वळणावरून एक ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या, ऊस दोन्हीकडं बाहेर लोंबलेला. मागची ट्रॉली डोलत होती. मी नानांना ओढायला हात आवळला आणि त्याच क्षणी त्यांच्या बोटांनी माझं मनगट पकडलं. इतकं जोरात की बांगडी पिचली. त्यांनी मला ओढलं. रस्त्याच्या खाली, चरात, बाभळीच्या आत. काटे लागले, कुसळं भरली, मी गुडघ्यावर पडले. नाना माझ्यापुढं आडवा हात धरून उभे होते, छाती भात्यासारखी वरखाली होत होती.

"मागं सर! लेकी, मागं सर!"

ट्रॉल्या धडधडत गेल्या. उसाचं एक पाचट हवेतून खाली आलं.

"गेली का गं?"

"गेली, नाना."

"नीट बग."

मी दोन्हीकडं बघितलं. "गेली."

त्यांचा तळहात बर्फासारखा गार आणि घामानं ओला होता. घरापर्यंत ते माझ्या आडोशानं, वाटेच्या अगदी कडेनं चालले. दारात सासूबाई सूप घेऊन बसल्या होत्या. माझ्या हातावरचं रक्त, दोघांच्या कपड्यांना लागलेली कुसळं बघून त्या उठल्याच.

"अगं माय! काय झालं?"

"नाना भ्याले," मी म्हणाले, आणि मला हुंदका आवरेना.

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं. नानांच्या थरथरणाऱ्या हातांकडं त्यांनी बघितलं, मग माझ्याकडं.

"खरं म्हंतीस?" त्या म्हणाल्या, आणि नानांना हाताला धरून त्यांनी आत नेलं.